पितळेच्या कड्याचा सिद्धांत

चहा गार करू नका, घोट घेत घेत ऐका. मी स्वतःचा मूर्खपणा सांगायला बसलो की लवकर आवरत नाही. आणि आज सांगतोय तो काही साधासुधा मूर्खपणा नव्हे. तो मी विचारपूर्वक, मोजमाप घेऊन, पुराव्यानिशी केलेला आहे.

साठ सालाच्या आगेमागे मी साताऱ्याहून बंगलोरला नोकरीला गेलो. यशवंतपूरच्या पलीकडे एक सरकारी कारखाना नुकता उभा राहिला होता, तिथे तपासणी खात्यात मी इंजिनिअर. तपासणी म्हणजे काय, तर दुसऱ्यानं केलेल्या कामाला नावं ठेवायची. हा गुण माझ्यात उपजतच होता, त्यामुळे नोकरी मला चांगली मानवली.

राहायला मल्लेश्वरमला अक्कांच्या घरी मागची खोली मिळाली. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांचं घराणं पार जुन्या काळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात बोलणं मराठीच, पण त्यात कन्नड असं काही मुरलेलं की सुरुवातीला मी नुसती मान डोलवायचो. त्यांचा मुलगा वामनण्णा माझ्याच कारखान्यात लेथवर होता. मायलेक दोघं, तिसरा मी, आणि बाकी सगळ्या घरात पितळेची भांडी. अक्कांचा एकच बाणा होता, पितळ काळं दिसता कामा नये. दुपार झाली की त्या चिंचेचा गोळा घेऊन बसायच्या आणि घरातलं एकेक भांडं असं घासायच्या की त्यात बघून दाढी करावी.

तर आमच्या कारखान्याचा एक बँड होता. त्या काळी असायचे असे बँड. बँडमास्तर अंतोनी पलटणीतून निवृत्त झालेले. नोकरीची पुष्कळ वर्षं बेळगावात काढल्यामुळे त्यांना मराठी यायचं, पण सगळं हुकमाच्या सुरात. "बस" म्हणाले तरी माणूस आधी उभा राहायचा. बँडमध्ये क्लॅरिनेटवाले होते, बिगूलवाले होते, एक मोठा ढोल होता आणि चार साइड ड्रम. त्या चारांतला एक माझा.

साइड ड्रम तुम्ही पाहिलाय, कमरेला तिरका लटकवून दोन काठ्यांनी वाजवतात तो. वर एक कातडं, खाली एक कातडं. खालच्या कातड्याला बारीक तारा टेकलेल्या असतात, म्हणून ठोका मारला की नुसतं 'ढम' होत नाही, 'खर्र' असं होतं. आणि ते कातडं जागच्या जागी दाबून धरायला वर-खाली एकेक गोल कडं असतं. ते बोल्टांनी आवळायचं. आमच्या ड्रमांची कडी लाकडाची होती. हे कडं नीट ध्यानात ठेवा, माझं सगळं वाटोळं त्यानंच केलं. म्हणजे मी केलं, पण नाव त्याचं झालं.

त्या पावसाळ्यात कारखान्यात मोठा समारंभ ठरला. आमच्याकडे घडलेलं पहिलं यंत्र तयार झालं होतं. दिल्लीहून मोठे साहेब येणार, दोरी ओढून यंत्रावरचा पडदा बाजूला करणार. साहेबांनी दोरी हातात घेतली की सगळा बँड गप्प, आणि एकट्या साइड ड्रमचा लांबलचक रोल. रोल म्हणजे दोन काठ्या इतक्या वेगानं चालवायच्या की वेगळे ठोके ऐकूच येऊ नयेत, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी एकच सलग खर्रर्र निघावी. पडदा पडला की रोल बंद.

तो रोल मला हवा होता. नुसता हवा नव्हता, त्यापायी मला जेवण गोड लागत नव्हतं. दोन वर्षं मी त्या बँडमध्ये वाजवत होतो आणि चौघांच्या गोंगाटात माझा ठोका कुठला हे मलाच कळत नव्हतं. एकदा तरी सगळ्यांनी थांबावं आणि फक्त माझा ड्रम ऐकावा, एवढीच इच्छा. यात काही वाईट आहे का, सांगा.

मास्तरांना मी तसं बोललो. ते म्हणाले, "जोशी, हात ठीक आहे तुझा. पण ड्रम ऐक. भिजलेलं गोणपाट बडवतोय असं वाटतंय. पंधरा दिवस देतो. आवाज सुधार, रोल तुझा. नाही सुधारला तर पोन्नुस्वामी वाजवेल."

पोन्नुस्वामी म्हणजे रंगखात्यातला, आमच्या चार ड्रमवाल्यांतला एक. भला माणूस, पण तो माझ्या रोलवर बसणार म्हटल्यावर त्याचा भलेपणा मला दिसेनासा झाला.

आता, बंगलोरचा पावसाळा कसा असतो? पडत नाही, पण थांबतही नाही. सगळी हवा ओलसर. कोणाही शहाण्या माणसानं म्हटलं असतं की कातडं सर्दलंय. पण मी तपासणी खात्याचा माणूस. सगळे कातड्याकडे बघतात, म्हणून मी कड्याकडे बघितलं. मनाशी म्हटलं, हे लाकूडच आवाज पिऊन टाकतंय. त्याच्या जागी धातू बसवला तर?

झालं. एकदा माझ्या डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायला तिथे दुसरं काहीतरी शिरावं लागतं.

संध्याकाळी वामनण्णाला गाठलं. "वामनण्णा, ड्रमसाठी दोन प्रकारची कडी करून देशील? एक जोडी लोखंडाची, एक पितळेची."

"कशाला रे?"

"प्रयोग करायचाय."

"लाकडाचं काय वाईट आहे?"

"तेच तर शोधायचंय."

"सरी," तो म्हणाला. त्याच्या तोंडी 'सरी' म्हणजे बरं. पण तो किती लांबवतो त्यावरून तुमच्याबद्दल त्याचं काय मत आहे ते कळायचं. त्या दिवशी त्यानं बराच लांबवला.

पण काम त्यानं चोख केलं. भंगारातल्या पट्ट्या वाकवून, जोडून, घासून त्यानं दोन्ही जोड्या दिल्या. मी मास्तरांच्या पाया पडून बँडचे तीन ड्रम जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, घालून घरी आणले. एकाला लाकडाची कडी, एकाला लोखंडाची, एकाला पितळेची. कातडी एकाच दुकानची, बोल्ट तिन्हीकडे सारखेच आवळलेले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे तपासणीचं पहिलं तत्त्व. मी ते अक्कांनाही समजावून सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "हे तिन्ही कुठं ठेवणार?"

पडवीत ठेवले. पहिल्या संध्याकाळी वाजवून पाहिले. तिन्ही सारखेच रडके. काठी कडेला लागली तर लाकूड 'टक्' म्हणायचं, लोखंड 'टण्ण' म्हणायचं आणि पितळेचा सूर थोडा घुमायचा, एवढाच काय तो फरक. मधोमध मारलं की तिन्ही गोणपाटं. मी निराश झालो. पण निराश झालो म्हणून मी सोडणाऱ्यातला नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याला निघालो तर अक्का दारात. "दत्तू, ते पितळेचं कडं तुझ्या हातांनी काळवंडलंय बघ. माझ्या पडवीत असलं पितळ नको. येणारीजाणारी काय म्हणतील, अक्काच्या घरात चिंच संपली काय?"

"घासा हवं तर. पण कातड्याला पाणी लागू देऊ नका."

"सरी, सरी. मला कळतं."

"आणि बाकीच्या दोघांना हात लावू नका."

"लाकूड अन् लोखंड मी कशाला घासू? मला दुसरे उद्योग नाहीत?"

संध्याकाळी परत आलो. हातपाय धुऊन काठ्या घेतल्या. लाकडाचा ड्रम, धप्प. लोखंडाचा, धप्प. पितळेच्या ड्रमावर काठी मारली आणि अहो काय सांगू, खण्ण असा कोरडा, टणक ठोका! मी थबकलो. पुन्हा मारला. पुन्हा तसाच. रोल घेतला तर असा सलग सुटला की शेजारच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

काल का नाही वाजला? मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. पितळ बसावं लागतं. नवं कडं कातड्यावर बसायला एक दिवस घेतं. बघा, प्रश्न पडायच्या आधी मला उत्तर सापडायचं, इतकी माझी बुद्धी तेज होती.

मग रोजचंच झालं. रोज संध्याकाळी दोन ड्रम रडके आणि पितळेचा खणखणीत. आणखी एक गोष्ट मला रोज जाणवायची, तो ड्रम हाताला कोमट लागायचा. बाकीचे दोन गार. तुम्ही काय समजला असता? जाऊ द्या, मी काय समजलो ते ऐका. मी समजलो की पितळ दिवसभराची ऊब धरून ठेवतं, लाकूड आणि लोखंड ठेवत नाही, आणि ह्या उबेतूनच तो आवाज येतो. पाऊस असो, ऊन असो, पितळ आपलं कोमट ते कोमट. हे मी वामनण्णाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ऊब? ती तर लागणारच की." मला वाटलं, माझं म्हणणं त्याला पटलं.

पंधरवडा संपायच्या आधी एका रविवारी संध्याकाळी मी स्वतः जाऊन मास्तरांना घरी घेऊन आलो. रीतसर परीक्षा घ्यायची म्हणून. मास्तरांना पडवीच्या पायरीवर जास्वंदीकडे तोंड करून बसवलं, मागे वळायचं नाही असं बजावलं आणि मी तिन्ही ड्रम उलटसुलट क्रमानं वाजवायला लागलो. कुठल्या ड्रमाला कुठलं कडं ते त्यांना माहीत नाही. ह्याहून निष्पक्ष परीक्षा विलायतेतही होत नसेल.

"पहिला?"

"बेकार."

"दुसरा?"

"बेकार."

"तिसरा?"

मास्तर ताठ झाले. "पुन्हा वाजव."

नेमक्या त्या वेळी अक्का कॉफी घेऊन आल्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "दत्तू, तो ड्रम मी आत्ताच—"

मी हात वर केला. "अक्का, आत्ता नको. प्रयोग चालू आहे."

"अरे पण मी त्याला—"

"अक्का, नंतर."

अक्का आत गेल्या. मी क्रम बदलून पुन्हा वाजवलं. मास्तरांनी दर वेळी पितळच निवडलं. शेवटी उठले, ते कडं बोटांनी चाचपून पाहिलं, मला म्हणाले, "जोशी, पलटणीत एवढी वर्षं काढली, हे मला कोणी सांगितलं नाही." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. रोल माझा. त्याच बैठकीत ठरलं की चारही ड्रमांना पितळेची कडी बसवायची. वामनण्णानं उरलेल्या जोड्या करायचं कबूल केलं. ह्या वेळी त्याचा 'सरी' आखूड होता.

त्यानंतरचा आठवडा मी जमिनीवर नव्हतो. कँटीनमध्ये जो भेटेल त्याला मी समजावून सांगायचो. लाकूड आवाज गिळतं, लोखंड आवाजावर ओरडतं, पितळ आवाजाला वाट करून देतं. हिशेबखात्यातले, ज्यांनी जन्मात ढोल पाहिला नव्हता, तेही ऐकून घ्यायचे. पुढे पुढे माझ्या टेबलावर कोणी बसेनासं झालं, पण थोर माणसांचं असंच होतं असं मी मनाला समजावलं.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांचा हुकूम आला, सगळी वाद्यं बँडच्या खोलीत जमा. ती खोली म्हणजे कारखान्याच्या टोकाला एक पत्र्याची शेड, मागे तळं. मी माझा ड्रम नेऊन ठेवला. सकाळी गेलो तर भुरभूर चालू होती. खांद्याला पट्टा अडकवला, काठी मारली. धप्प.

पोन्नुस्वामीनं त्याचा वाजवला. धप्प. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सार, आवाज इल्ला."

इल्ला म्हणजे नाही. हे मलाही ऐकू येतच होतं.

दुसरा कोणी असता तर त्याला तिथेच शंका आली असती. मी म्हटलं, नवी कडी अजून बसली नाहीत, आवळून घेऊ. चावी घेतली आणि चारही ड्रमांचे बोल्ट फिरवायला लागलो. पितळ पडलं नरम. बोल्टापाशी कडं खाली दबायचं आणि दोन बोल्टांच्या मध्ये तसंच वर राहायचं. लोखंड असतं तर असं वाकलं नसतं. पण मी थांबतोय होय? अजून एक आटा, अजून एक आटा. मास्तर म्हणाले, "जोशी, फार आवळू नको."

"मास्तर, माझ्यावर सोडा."

त्यांनी सोडलं. परीक्षा त्यांनीच घेतली होती ना. शेवटी दंडाला रग लागेपर्यंत आवळल्यावर कुठे थोडा बरा ठोका निघाला. मी घाम पुसला. सिद्धांत टिकला.

मांडव मोठा होता, पण सगळी जागा बाकांनी भरलेली. म्हणून बँडला व्यासपीठाच्या बाजूला उघड्यावर उभं केलं. भाषणं सुरू झाली आणि भुरभूर थांबली. ढग सरकले आणि ऊन पडलं. बंगलोरचं पावसानंतरचं ऊन ज्यानं खाल्लंय त्यालाच ते कळेल, टोपीतून डोक्यात उतरतं. आम्ही सावधान उभे. साहेब देशाच्या प्रगतीवर बोलत होते.

आणि 'फाट्' असा आवाज झाला.

साहेब थांबले. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आमचे मॅनेजर पुढे वाकून म्हणाले, "टायर फुटला असेल, सर." साहेब पुन्हा बोलू लागले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पोन्नुस्वामीच्या ड्रमाचं कातडं ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं होतं. पोन्नुस्वामी सावधानच होता, पण माझ्याकडे बघत होता.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ओलं कातडं मी ताकद लावून ताणलंय. आता ते उन्हात वाळतंय. वाळलं की आक्रसणार. मी खिशातून हळूच चावी काढली, बोल्ट ढिला करायला गेलो, तर वाकलेल्या पितळेत तो असा रुतून बसलेला की हलेना. तेवढ्यात दुसरं 'फाट्'. ह्या वेळी व्यासपीठाखाली एक हवालदार वाकून बघायला लागला. त्याचं डोकं आत असतानाच तिसरं 'फाट्'. त्या गड्यानं डोकं आपटून घेतलं.

राहिला माझा. मी त्याच्यावर टोपी धरली. सावधान उभं राहायचं आणि एका हातानं ड्रमाला सावली करायची, हे दिसायला कसं दिसत असेल? मास्तर दातांतल्या दातांत म्हणाले, "जोशी, टोपी डोक्यावर." मी टोपी डोक्यावर घातली आणि पोट पुढे काढून तिरका उभा राहिलो, तेवढीच सावली.

अखेर साहेब उठले. यंत्रापाशी गेले. दोरी हातात घेतली. सगळं शांत झालं. हजारभर माणसं, आणि एक चिमणी तेवढी बोलत होती. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहिली ती घटका. मास्तरांनी छडी वर केली, माझ्याकडे पाहिलं, छडी खाली आणली. मी पहिला ठोका मारला.

काठी ड्रमाच्या आत गेली.

ठोक्याबरोबर कातडं गेलंच, पण काठी त्यात अडकली. मी ओढली, ती निघेना. पुन्हा ओढली, तेव्हा निघाली. साहेब दोरी धरून वाट बघताहेत. मॅनेजरांचा चेहरा पांढरा. मास्तरांची छडी हवेत तशीच.

कोणीही असता तर तिथून निघून गेला असता. पण मी ठरवून आलो होतो. रोल वाजणार म्हणजे वाजणार. कातडं नाही तर नाही, कडं तर आहे? मी दोन्ही काठ्या पितळेच्या कड्यावर चालवल्या. टिणटिणटिणटिणटिण. सलग, एकसारखा, हात अगदी छान चालला होता. पितळ खरंच चांगलं वाजत होतं हो.

आता आमच्या कँटीनच्या दारात एक पितळेची थाळी टांगलेली असायची. जेवण तयार झालं की आचारी लोखंडी दांड्यानं ती बडवायचा. भाषणं लांबलेली, बारा वाजून गेलेले, वाऱ्यावर सांबाराचा वास येत होता. मागच्या बाकांवरचे लोक माझा टिणटिणाट ऐकताच उठले. मागचे उठले म्हणून मधले उठले. मी बघतोय, मांडव रिकामा होतोय, पण पडदा पडेपर्यंत रोल थांबवायचा नसतो. मी वाजवत राहिलो. जितकं वाजवावं तितके लोक लगबगीनं जायला लागले.

साहेबांनी मॅनेजरांना विचारलं, "हे सगळे कुठे चालले?"

मॅनेजर म्हणाले, "सर, बहुतेक जेवायला."

साहेबांनी दोरी ओढली. पडदा पडला. पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या, त्याही जरा घाईघाईनं.

संध्याकाळी घरी आलो तो थेट पडवीत बसलो. अक्का जवळ येऊन बसल्या. "काय झालं रे?" मी सगळं सांगितलं. कोपऱ्यात फाटका ड्रम पडला होता, त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "काल संध्याकाळीच तिकडे नेलास म्हणून. इथं असता तर मी ह्याला रोजच्यासारखं चुलीपाशी ठेवलं असतं."

"कुठल्या चुलीपाशी?"

"न्हाणीघरातल्या. रोज ठेवायची मी. चिंचेनं घासलं की पाणी लागतंच ना इकडे तिकडे. पुसायची, आणि हंड्याखाली जाळ असतो तिथं स्वल्प ऊब द्यायची. कातडं खराब व्हायला नको म्हणून तूच बजावलं होतंस की."

मी वामनण्णाकडे पाहिलं. तो दारात उभा होता. "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तूच सांगितलंयस. ऊब लागणारच, असं मी म्हणालो नव्हतो का?"

"आणि अक्का, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मास्तर आले होते त्या दिवशी सांगायलाच आले होते. तू हात वर केलास."

आता मी साताऱ्याचा माणूस. आमच्याकडे जत्रेत हलगीवाले वाजवायच्या आधी गवत पेटवून हलगी शेकतात. कातडं तापल्याशिवाय बोलत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी ते लहानपणी समोर उभं राहून पाहिलंय. पण ते झालं गावाकडचं. इंजिनिअरच्या ड्रमाला ते कसं लागू पडेल?

तरी मी स्वस्थ बसलो नाही. पुढच्या रविवारी नवी कातडी चढवली, पुन्हा लाकूड, लोखंड आणि पितळ अशी वेगवेगळी कडी बसवली, तिन्ही ड्रम अक्कांच्या न्हाणीघरात हंड्याभोवती मांडले आणि सारखेच शेकून वाजवले. तिन्ही खणखणीत. डोळे मिटून मधोमध वाजवलं तर लाकूड कोणतं आणि पितळ कोणतं, माझं मलाच ओळखता येईना. काठी कडेवर घासून मारली की मात्र फरक कळायचा. लाकूड मऊ आणि आखूड, लोखंड कडक आणि झोंबणारं, पितळ दोघांच्या मधलं आणि थोडं घुमणारं. म्हणजे कड्याचा आवाज असतो, तो कडेला असतो. मी त्याला ड्रमाच्या मध्यावर नेऊन बसवलं होतं.

हा निष्कर्ष घेऊन मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, हे त्यांचे उपकार. मग कपाट उघडलं आणि माझ्या हातात झांजांची जोडी दिली.

"हे घे. ह्याला कातडं नाही, बोल्ट नाही, आवळायला काही नाही. नुसतं पितळ."

"आणि रोल?"

"रोल पोन्नुस्वामी वाजवेल. पण तुझ्या मनासारखं होईल, काळजी नको. नव्या धूनमध्ये शेवटी सगळा बँड थांबतो आणि एकट्या झांजेचा एकच ठोका आहे. अख्खं मैदान तुलाच ऐकेल."

मला भरून आलं. महिनाभर मी त्या एका ठोक्याची तयारी केली. खोलीत केली, कारखान्याच्या वाटेवर केली. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तीच हजारभर माणसं होती. मी मनाचा पक्का निर्धार करून, श्वास रोखून, दोन्ही झांजा अशा हाणल्या की व्यासपीठावरचे पाहुणे दचकले. एकट्याचा ठोका, अख्ख्या मैदानाला स्वच्छ ऐकू गेला.

बाकीच्या बँडची अजून अर्धी धून वाजवायची राहिली होती.